पुढचा दांत : लिंपावा कीं मढवावा?

आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्यानें आजवर तीन पिढ्यांना झोके दिले; पण गेल्या वैशाखांत त्यानें एक दांत घेतला. धाकट्या पुतण्यानें रिकामा झोपाळा जोरानें लोटला आणि खालीं पडलेलें पुस्तक उचलण्यासाठीं वांकलेल्या थोरल्या पुतणीच्या तोंडावर फळीची कड बसली. रक्त थोडें, रडें थोडें; ओठ सुजला तो दोन दिवसांत उतरला. पण वरच्या पुढच्या दोन दांतांपैकीं उजव्या दांताचा कोपरा साफ उडाला होता. मुलगी बावीस वर्षांची, नुकतीच एम्. एस्सी. झालेली, आणि लग्न मार्गशीर्षांत ठरलेलें. मग घरांत काय झालें असेल, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. जितकीं तोंडें तितकीं मतें, आणि सगळीं मतें एका तोंडाविषयीं!

माझ्या मातोश्रींनीं प्रथम विचारलें, "तुकडा कोठें आहे?" तो तोंवर केराबरोबर गेला होता. वडिलांचें मत असें पडलें कीं, दांत दुखत नसेल तर उगीच त्याच्या वाटेस जाऊं नये. थोरल्या वहिनींना, म्हणजे मुलीच्या आईला, लग्नांतल्या फोटोंखेरीज दुसरें कांहीं दिसेना. "भावोजी, फोटो जन्मभर राहतात हो," असें त्या मला दिवसांतून तीनदां सांगत. आणि जिचा दांत, ती बिचारी हांसतांना तोंडावर हात धरूं लागली. हें शेवटचें मात्र मला फार लागलें. पुढचा दांत हा केवळ घांस तोडण्याचा अवयव नव्हे. माणूस चारचौघांत मोकळेपणानें बोलतो-हांसतो कीं नाहीं, हेंहि त्यावर पुष्कळदां अवलंबून असतें. म्हणून 'हे सगळे रूपाचे चोचले' असें म्हणून हा विषय उडवून लावणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं वहिनी मुलीला घेऊन एका नव्या, झगझगीत दवाखान्यांत गेल्या. तेथें मुलीचा फोटो पडद्यावर घेऊन तिला तिचेंच नवें हास्य दाखविण्यांत आलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, एकच दांत दुरुस्त केला तर तो शेजारच्यांशीं जुळणार नाहीं. वरचे सहाहि दांत पुढून घासून त्यांवर पोर्सलेनचीं पातळ कवचें बसवावीं, म्हणजे लग्नापर्यंत सगळे दांत एकसारखे, मोत्यांसारखे होतील. खर्च ऐकून आमचे थोरले बंधु गप्पच बसले. पण वहिनींचा निश्चय झालेला होता. त्या म्हणाल्या, "एकदांच काय तो पैसा जाईल, पण काम कायमचें होईल."

ह्या 'कायमचें' शब्दानें माझी झोंप उडविली आणि हा लेखहि त्यांतूनच निघाला. कारण हाच शब्द ऐकून मीं स्वतः एकदां फसलों आहें. तें पुढें सांगेनच. आधीं दांत म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं.

न भरून येणारें धन

दांताचा जो पांढरा, चकचकीत भाग आपल्याला दिसतो, तें त्याचें बाहेरचें कवच होय. डॉक्टर त्याला एनॅमल म्हणतात. आपल्या देहांत ह्याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. वजनाच्या मानानें त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. त्याच्या आंत किंचित् पिवळसर असा दुसरा थर असतो. तो मऊ असून त्यांत अतिसूक्ष्म नळ्या असतात, आणि त्या नळ्यांच्या पोटीं दांताची नस असते. थंड पाणी लागून शिणक येते, ती बहुधा ह्या आंतल्या थराची वाट उघडी पडल्यामुळें.

आतां महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हें बाहेरचें कवच निर्जीव असतें. ज्या पेशी तें घडवितात त्या दांत हिरडींतून वर येईपर्यंत आपलें काम आटोपून नाहींशा होतात. केस कापला तर वाढतो, नख वाढतें, हाडसुद्धां सांधतें. पण एनॅमल एकदां गेलें कीं तें देह पुन्हा घडवीत नाहीं. आणि तें असतें तरी किती? पुढच्या दांताच्या टोंकाजवळ साधारण १ मिलिमीटर, आणि हिरडीजवळ त्याच्या निम्म्याहूनहि कमी. सावकाराचें कर्ज मनुष्य फेडूं शकतो. दांतावरून काढलेलें एनॅमल कोणालाहि परत देतां येत नाहीं. दांताच्या दुरुस्तीचा कोणताहि बेत करतांना प्रथम ही एवढी गोष्ट पदरीं बांधून ठेवावी.

तुटलेला पुढचा दांत सुधारण्याच्या आज मुख्यतः दोन रीती आहेत. एक, दांताच्याच रंगाचा लेप लावून तुटलेला भाग उभा करणें. ह्याला बाँडिंग म्हणतात. दुसरी, पोर्सलेनचें म्हणजे चिनी मातीच्या कुळांतल्या पदार्थाचें कवच किंवा पुरी टोपी घडवून दांतावर बसविणें. आपल्या घरगुती भाषेंत बोलावयाचें तर एक लिंपणें आणि दुसरें मढविणें.

लिंपण्याची रीत

गुळगुळीत दांतावर कांहीं चिकटवावें आणि तें ओल्या तोंडांत टिकावें, ही गोष्ट फार काळ कोणालाच साधत नव्हती. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें मायकेल बुओनोकोर नांवाचे दंतवैद्य होते. लोखंडी पत्र्यांवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत त्यांना आधीं फॉस्फोरिक आम्ल लावतात, हें त्यांच्या लक्षांत आलें; आणि तीच युक्ति दांतावर कां लागू पडूं नये, असा विचार करून त्यांनीं प्रयोग केले. ते १९५५ सालीं प्रसिद्ध झाले. आम्ल थोडे सेकंद लावून धुतलें कीं एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे पडतात, आणि वरून लावलेली पातळ राळ त्यांत शिरून घट्ट बसते. गुळगुळीत झालेल्या पाट्याला आपण टांकी लावून घेतों, त्यांतलाच हा प्रकार. मात्र टांकी इतकी बारीक कीं ती सूक्ष्मदर्शकांतूनच दिसावी. पुढें राफेल बोवेन ह्यांनीं तयार केलेल्या राळेचें पेटंट १९६२ सालीं झालें. त्या राळेंत कांचेची अथवा गारेची अत्यंत बारीक पूड कालवून जो लेप होतो, त्याला कंपोझिट म्हणतात. आज सर्वत्र दांतांत जें 'पांढरें सिमेंट' भरतात तें बहुधा हेंच.

हा लेप प्रथम मऊ लोण्यासारखा असतो. डॉक्टर तो पातळ थरांनीं लावतात, हत्यारानें दांताचा आकार देतात, आणि प्रत्येक थरावर निळ्या प्रकाशाचा झोत धरतात. त्या प्रकाशानें तो थोड्याच सेकंदांत दगडासारखा होतो. ही करामत लेपांत मिसळलेल्या ज्या पदार्थामुळें होते, तो बहुधा कापराच्या कुळांतला असतो! देवघरांतला कापूर दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत असा पोहोंचला, हें वाचून आमच्या मातोश्रींना भारी कौतुक वाटलें.

ह्या रीतीचा मोठा गुण असा कीं, तींत मूळ दांत फारसा घासावा लागत नाहीं. तुटलेली कड थोडीशी उतरती करावयाची, एवढेंच. पुष्कळदां बधिर करण्याची सुईहि लागत नाहीं. काम एका बैठकींत होतें, खर्च मढविण्याच्या मानानें पुष्कळच कमी येतो, आणि पुढें कोपरा पुन्हा उडाला तर तेवढाच पुन्हा बसवितां येतो.

दोषहि लपवीत नाहीं. हा लेप पोर्सलेनइतका कठीण नाहीं; झिजतो, कडेला टवके उडतात, आणि चकाकी हळूहळू मंद होते. शिवाय तो रंग धरतो. चहा, कॉफी, तंबाखू हे त्याचे वैरी आहेतच. पण आपल्या स्वयंपाकांतली हळद त्यांतहि अग्रेसर आहे. पुढच्या दांतावरचें असें काम साधारण पांच ते सात वर्षें चांगलें राहतें; कोणाचें तीन वर्षांत बिघडतें, तर कोणाचें दहा वर्षें टिकतें. मधूनमधून घासून-पुसून त्याला चकाकी द्यावी लागते. आणि एक गोष्ट : हें काम संपूर्णपणें डॉक्टरांच्या हातांवर व डोळ्यांवर अवलंबून असतें. काम चालू असतां दांत कोरडा राहिला नाहीं, थुंकी लागली, तर उत्तम लेपहि फुकट जातो.

मढविण्याची रीत

पोर्सलेनचा इतिहास ह्याहून जुना आहे. अलेक्सिस द्युशातो नांवाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानें १७७४ च्या सुमारास चिनी मातीच्या दांतांची कवळी करवून घेतली. कारण त्या काळच्या हस्तिदंती कवळ्या डागळत आणि त्यांना दुर्गंधि येई, पण झिलईदार चिनी मातीच्या भांड्यांना तसें होत नसे. पुढें अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील चार्ल्स लँड ह्यांनीं दांतावर घालावयाची पोर्सलेनची टोपी प्रचारांत आणली. एकट्यानें विमान हांकून अटलांटिक ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग हे ह्यांच्याच मुलीचे चिरंजीव. कॅलिफोर्नियांतील चार्ल्स पिंकस हे सिनेमांतल्या नटनट्यांसाठीं पातळ कवचें करून देत; पण तीं कवळीच्या भुकटीनें तात्पुरतीं चिकटविलेलीं असत. चित्रीकरण संपलें कीं काढून ठेवावयाचीं. त्यांनीं जेवण करणें नाहीं! तीं दांतावर पक्कीं बसूं लागलीं तीं अलीकडे. पोर्सलेनच्या आंतल्या बाजूला तीव्र आम्लानें खडबडीतपणा आणला तर बुओनोकोर ह्यांच्याच युक्तीनें तें राळेनें दांताला जोडतां येतें, हें सायमनसेन आणि कालामिया ह्यांनीं १९८३ सालीं दाखविलें.

ह्यांत दोन पोटभेद आहेत आणि ते नीट ध्यानांत ठेवावे. केवळ पुढच्या बाजूवर बसणारें पातळ कवच तें व्हिनिअर. दांताला चहूंकडून झांकणारी टोपी ती क्राउन, जिला आपण 'कॅप' म्हणतों. दोहोंसाठीं दांत घासावा लागतो, पण सारखा नव्हे. व्हिनिअरसाठीं पुढून साधारण अर्धा मिलिमीटर आणि टोंकाशीं एक ते दीड मिलिमीटर भाग जातो. कॅपसाठीं चारी बाजूंनीं एक ते दोन मिलिमीटर काढावें लागतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत असें आढळलें कीं, व्हिनिअरच्या निरनिराळ्या प्रकारांत हिरडीवरच्या दांताचा ३ ते ३० टक्के भाग जातो, तर पुऱ्या कॅपसाठीं ६३ ते ७२ टक्के. म्हणजे रुपयांतले जवळजवळ अकरा आणे! इतकें घासल्यावर उरतो तो दांताचा खुंट.

पोर्सलेनचे गुण मोठे आहेत. त्यांतून प्रकाश जरासा आरपार जातो, म्हणून तें खऱ्या दांतासारखें जिवंत दिसतें. त्यावर हळदीचा किंवा चहाचा डाग बसत नाहीं. डागाळते ती त्याची कड. हिरडीलाहि तें चांगलें मानवतें. चांगल्या हातानें बसविलेलीं व्हिनिअर्स दहा ते पंधरा वर्षें टिकतात, आणि कित्येकांचीं त्याहून अधिक. परंतु तें ठिसूळ असतें. टवका उडाला तर लहानसा असल्यास लेपानें सांवरतात, एरवीं नवें करावें लागतें. रात्रीं झोंपेंत दांत खाण्याची संवय असलेल्यानें रात्रीं घालावयाचें संरक्षक आवरण घेतल्यावांचून ह्या भानगडींत पडूं नये. कामाला दोन-तीन खेपा लागतात आणि खर्च कितीतरी पट येतो.

येथें एक बारकावा सांगतों. लिंपणें आणि मढविणें ह्या दोन रीती परस्परांच्या सवती आहेत असें वाटतें. पण व्हिनिअर दांताला धरून राहतें तें त्याच राळेच्या जोरावर. आणि राळेची पकड एनॅमलवर जितकी भरंवशाची, तितकी आंतल्या मऊ थरावर नसते. तेव्हां कवच जाड बसावें म्हणून जो डॉक्टर एनॅमल पार घासून काढतो, तो आपल्याच कामाचा पाया उकरतो.

'कायमचें' ह्या शब्दाचा हिशेब

आतां माझी गोष्ट. तीस वर्षांपूर्वीं माझ्या पुढच्या एका दांतावर फिकट डाग होता. दुखणें-खुपणें कांहीं नाहीं. एका दवाखान्यांत 'कॅप घालूं, कायमचें काम होईल' असें सांगण्यांत आलें आणि मीं मान डोलावली. आंतून धातु व वरून पोर्सलेन अशी ती कॅप होती. पांच वर्षांनीं आंतली नस मेली. कॅपला भोंक पाडून रूट कॅनाल करावा लागला. वयोमानानें हिरडी वर सरकली आणि कडेला धातूची काळी रेघ दिसूं लागली. मग ती कॅप काढून दुसरी आणि अलीकडे तिसरी बसविली. एका निरुपद्रवी डागासाठीं मीं एक जिवंत दांत खर्चीं घातला. आज तो डाग पॉलिश करून, फार तर त्यावर पातळ लेप देऊन भागलें असतें. दोष मीं कोणा एकाला देत नाहीं, मींच एक प्रश्न विचारावयास विसरलों : "माझ्या दांतांतला किती भाग तुम्ही काढणार?"

हाच हिशेब मीं वहिनींपुढें मांडला. मुलगी आज बावीस वर्षांची आहे. ईश्वरकृपेनें ती ऐशीं वर्षें जगली, तर पुढें अठ्ठावन्न वर्षें राहिलीं. कवच उत्तम निघून पंधरा वर्षें टिकलें, तरी जन्मांत तीं सहाहि कवचें तीन-चार वेळां बदलावीं लागतील. आणि दर बदलीस मूळ दांत थोडाथोडा कमी होणार. म्हणजे 'कायमचें' काय होतें? कवच नव्हे, कायमचें होतें तें घासणें. शिवाय तुटला आहे एक दांत. उरलेल्या पांचांनीं काय पाप केलें? वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच म्हणाल्या, "भावोजी, आणखी एकाला दाखवूं या."

दुसरें मत

दंत महाविद्यालयांत बरींच वर्षें शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध डॉक्टर आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनीं प्रथम दांत हलकेच ठोकून पाहिला, गारवा लावून नस जिवंत असल्याची खात्री केली, एक्सरे काढला, आणि बजावलें कीं, मार लागलेल्या दांताची नस कधीं कधीं महिन्यांनीं सुद्धां मरते. म्हणून दीड महिन्यानें, सहा महिन्यांनीं व वर्षानें पुन्हा दाखवावयास यावें. ही तपासणी पहिल्या दवाखान्यांत झालीच नव्हती. मग त्यांनीं सांगितलें, "कोपरा लहान आहे, बाकीचा दांत धडधाकट आहे. लेप लावूं."

वहिनींनीं विचारलें, "डॉक्टर, हें टिकेल किती वर्षें?"

"सांभाळलेंत तर पांच-सात. उडाला तर तासाभरांत पुन्हा बसवून देईन."

"म्हणजे कायमचें नाहीं?"

"ताई, कायमचें म्हणण्यासारखें जें आहे, तें तिच्या तोंडांत अजून शाबूत आहे. तें मला घासावयास सांगूं नका. उद्यां हिला चाळिशींत पोर्सलेन हवेंसें वाटलें तर तें आजच्यासारखेंच करतां येईल. पण आज घासलें तर तेव्हां लेपाकडे परत येतां येणार नाहीं."

ह्या शेवटच्या वाक्यांत सगळा विषय आला. लिंपण्याकडून मढविण्याकडे वाट जाते. मढविण्याकडून लिंपण्याकडे वाट नाहीं. जेथें दोन्ही चालण्यासारखें असेल, तेथें आधीं ती वाट धरावी जिच्यावरून मागें फिरतां येतें.

काम सुरू करण्यापूर्वींच, खिडकीच्या उजेडांत, त्यांनीं सोळा छटांची पट्टी दांताशीं लावून रंग ठरविला. कारण तोंड उघडें राहून दांत वाळला कीं तो खऱ्याहून पांढरा दिसतो, आणि मग रंग चुकतो. ओठांचा रंगहि पुसावयास लावला. 'दांत आणखी पांढरे करून घ्यावयाचे आहेत काय?' असें त्यांनीं आधींच विचारून घेतलें. कारण लेप किंवा पोर्सलेन मागाहून औषधानें पांढरें होत नाहीं. दांत उजळावयाचे असल्यास तें काम प्रथम करून, दोनएक आठवडे थांबून, मग लेप लावावा. नाहीं तर पकड कच्ची राहते. मुलगी म्हणाली, "माझे आहेत तसेच असूं देत." मला त्या उत्तरानें बरें वाटलें. सव्वा तासानें ती बाहेर आली तेव्हां मातोश्रींनीं चष्मा लावून पाहिलें आणि डाव्या दांताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाच ना गं तो?"

मग पोर्सलेन केव्हां?

ह्यावरून पोर्सलेन वाईट, असा अर्थ कोणी काढूं नये. माझ्या थोरल्या भगिनीचा पुढचा दांत लहानपणीं अंगणांत पडून काळा झाला होता. रूट कॅनाल झालेला, दोन्ही बाजूंस मोठीं सिमेंटें भरलेलीं, आणि अर्ध्याहून अधिक दांत गेलेला. आठ वर्षांत तीन वेळां लेप लावला आणि तीनहि वेळां तो निघाला. एकदां तर भाच्याच्या मुंजींत, ऐन पंगतींत! तिथें जपून ठेवावें असें एनॅमलच उरलें नव्हतें, लेपानें धरावें तरी कशाला? तिला धातूवांचूनची पुरी कॅप घातली. तिला नऊ वर्षें झालीं आणि ती अजून जशीच्या तशी आहे. तेथें लेपाचा हट्ट धरणें हाच खरा खर्च ठरला.

म्हणून ठोकताळा असा सांगतां येईल : कोपरा उडाला असेल, लहान फट असेल, कड झिजली असेल आणि बाकीचा दांत चांगला असेल, तर लेप. पुढच्या बाजूचा मोठा भाग खराब असेल, औषधानें न निघणारा गडद डाग असेल, किंवा लेप पुनःपुन्हा अपयशी झाला असेल, तर व्हिनिअर. दांताचा बहुतेक भाग गेलेला असेल तर कॅप. रूट कॅनाल झाला म्हणजे पुढच्या दांताला कॅप हवीच, असेंहि नाहीं. दांत पुष्कळ शिल्लक असेल तर आंतून उजळवून लेपानें भागूं शकतें. आणि अठरा-वीस वर्षांच्या आंतील मुलांना कॅप शक्यतों टाळावी. त्या वयांत नस मोठी व पृष्ठभागाजवळ असते, आणि हिरडीची रेघहि अजून स्थिर झालेली नसते.

घरांत लक्षांत ठेवण्याच्या गोष्टी

मातोश्रींचा पहिला प्रश्न सर्वांत शहाणपणाचा होता, हें आम्हांला मागाहून कळलें. तुटलेला तुकडा सांपडला तर तो दुधांत किंवा पाण्यांत ठेवून डॉक्टरांकडे न्यावा. पुष्कळदां तोच पुन्हा चिकटवितां येतो, आणि त्याच्याइतका जुळणारा रंग कोणत्याहि पट्टींत मिळत नाहीं. दांत मुळासकट निखळला तर त्याला मुळाशीं हात लावूं नये. वरच्या पांढऱ्या भागास धरावें, मळला असल्यास क्षणभर धुवावा, घांसूं नये. मोठ्या माणसाचा किंवा कायमचा दांत असल्यास तो लगेच जागेवर बसवावा; तें न साधल्यास थंड दुधांत ठेवून अर्ध्या-पाऊण तासाच्या आंत दंतवैद्याकडे पोहोंचावें. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये.

लेप असो वा पोर्सलेन, गजरा ओवतांना दोरा दांतानें तोडणें, सुपारी फोडणें, ऊस सोलणें, बाटलीचें झांकण उघडणें, ह्या संवयी सोडाव्या. लेप लावल्यावर पहिले दोन दिवस चहा व हळदीचें जेवण जपून घ्यावें. आणि जेवणानंतर चूळ भरण्याची आपली जुनी चाल आहे ती मुलांकडून मोडूं देऊं नये.

दवाखान्यांत जाण्यापूर्वीं पांच प्रश्न कागदावर लिहून न्यावे. माझ्या निरोगी दांताचा किती भाग काढणार? कांहींच न काढतां हें काम होईल काय? हें बिघडलें तर पुढची पायरी कोणती? दर किती वर्षांनीं पुन्हा खर्च येईल? आणि हें आजच न केलें तर काय नुकसान होईल? जो डॉक्टर ह्या प्रश्नांचीं उत्तरें शांतपणें देतो, त्याच्या हातीं दांत द्यावा. जो घाई करतो, त्याला नमस्कार करून दुसरें मत घ्यावें. खर्चाची अडचण असल्यास शासकीय दंत महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखालीं अशीं कामें खाजगी दवाखान्यांपेक्षां पुष्कळ स्वस्तांत होतात.

लग्न गेल्या महिन्यांत सुरळीत पार पडलें. त्याआधीं आठ दिवस डॉक्टरांनीं लेपाला पुन्हा चकाकी दिली, कारण हळदीनें कड किंचित् पिवळी झाली होती. फोटो आले आहेत. वहिनींनीं ते सर्व भिंगाखालीं पाहिले आणि नंतर भिंग न बोलतां माझ्या टेबलावर आणून ठेवलें. मींहि पाहिलें. कोणता दांत तुटला होता, हें मला ओळखतां आलें नाहीं. एवढें मात्र दिसलें कीं, एकाहि फोटोंत मुलीचा हात तोंडावर गेलेला नाहीं.